नदीकाठच्या गावाला पाव्हण्यासारखे जा

कबनूर, इचलकरंजी, चंदूर, रुई इकडच्या घरांना आणि त्यांच्याकडे सुट्टीला येणाऱ्या पै-पाव्हण्यांना ही विनंती आहे. घरात एकाने मोठ्याने वाचा, बाकीच्यांनी ऐका.

दिवाळी झाली, हवा थंडावली, मागाची खडखड एखादा दिवस थांबली की घरात विषय निघतो. "चला, वाडीला जाऊन येऊ." वाडी म्हणजे आपली नृसिंहवाडी. दत्ताच्या पादुकांचे दर्शन, घाटावर घटकाभर बसणे, येताना पेढे आणि कवठाची बर्फी. आपल्या आज्यांनीही हेच केले.

हल्ली या फेरीला पुढचे एक गाव जोडले जाते. खिद्रापूर. तिथल्या कोपेश्वराच्या देवळाचा फोटो मोबाइलवर येतो, पोरे म्हणतात, "इथे जायचंच." जा. अगदी जरूर जा. दारापासून दीड-दोन तासांच्या आत असे देऊळ आहे आणि आपण ते पाहिलेले नाही, हे बरे नाही.

पण एक फरक ध्यानात घ्या. वाडीला गर्दीची सवय आहे. तिथे दुकाने आहेत, धर्मशाळा आहेत, पौर्णिमेला माणसांचा पूर येतो तोही वाडी पेलते. खिद्रापूर तसे नाही. कृष्णेच्या वळणात वसलेले ते शेतकऱ्यांचे लहान गाव आहे. पलीकडचा काठ कर्नाटकाचा. सकाळी दूध घालायचे, दिवसभर मळ्यात राबायचे, संध्याकाळी कट्ट्यावर बसायचे, असा तिथला दिवस. देऊळ त्यांच्या गावात आहे. आपण त्यांच्या दारात जातो.

म्हणून सांगतो, पाव्हण्यासारखे जा. आपल्याकडे कोणी आले तर आपण काय म्हणतो? कळवून या. उजेडी या. मांडलेले उचकू नका. केलेले खा. वेळेवर निघा. एवढे पाळलेत तरी पुष्कळ.

आधी नदीला विचारा

पाव्हणा निघण्याआधी निरोप धाडतो. इथे निरोप नदीला धाडायचा.

जून ते सप्टेंबर या दिवसांत ही फेरी ठरवू नका. ठरवलीच तर आदल्या दिवशी पाण्याची पातळी बघा. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजतात. 39 फूट झाले की इशारा, 43 फूट झाले की धोका. पावसाळ्यात हे आकडे पेपरात, बातम्यांत रोज येतात. घरातल्या शाळकरी पोराला ते बघायचे काम द्या. त्यालाही समजेल आणि तुम्हालाही.

इथे बहुतेकांची एक चूक होते. कोल्हापुरात पाणी उतरले की माणसे म्हणतात, पूर संपला. शिरोळ तालुक्यात तसे नसते. पंचगंगेचे पाणी तिकडे उशिरा पोचते. वाडीजवळ ती कृष्णेला मिळते. कृष्णा कोयनेचे पाणी घेऊन आलेली असते. दोन नद्यांचे पाणी एकाच सपाट मुलखात साठते आणि सावकाश उतरते. कोल्हापूर कोरडे झाले तरी खालचे रस्ते पाण्यात असू शकतात. म्हणून तिकडच्याच माणसाला विचारा. कुरुंदवाडला, वाडीला, शिरोळला कोणी ओळखीचे असेल तर एक फोन करा.

2005, 2019 आणि 2021 या तिन्ही सालांत या गावांनी महापूर सोसला आहे. घरे सोडली, जनावरे हलवली, ऊस कुजताना बघितला. 2024 च्या ऑगस्टमध्ये अकिवाट-बस्तवाड रस्त्यावर पुराच्या पाण्यातून जाताना ट्रॅक्टरची ट्रॉली उलटली आणि माणसे वाहून गेली. त्यांचा तर तो रोजचा रस्ता होता. मग रस्ता कुठे वळतो हेही ठाऊक नसलेल्या आपल्या चारचाकीचे काय होईल?

तेव्हा रस्त्यावर पाणी दिसले की थांबा. घोटाभर दिसते म्हणून गाडी घालू नका. वरून संथ दिसणाऱ्या पाण्याला खाली ओढ असते. पूर बघायला म्हणून तर मुळीच जाऊ नका. कोणाचे घर बुडत असताना आपण पुलावर उभे राहून फोटो काढावेत, हे आपल्या रीतीत बसत नाही.

वाडीच्या दक्षिणद्वार सोहळ्याबद्दलही बोलतो. नदी चढते, पाणी देवळात येते, पादुकांवरून वाहून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. त्यात स्नान घडावे म्हणून लोक धावतात. श्रद्धा मोठी आहे, तिला नमस्कार. पण म्हातारी माणसे, लहान मुले आणि पोटुशा बायका यांना त्या पाण्यात आणि त्या रेटारेटीत उतरवू नका. लांबून हात जोडले तरी दत्तमहाराजांपर्यंत पोचतात. देवस्थानचे सेवेकरी आणि पोलीस थांबा म्हणाले की थांबा.

उजेडी जा, उजेडी परता

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. ऊन सोसवते, नदी पात्रात असते.

मात्र हेच दिवस ऊसतोडीचेही असतात. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, उसाच्या बैलगाड्या या रस्त्यांवर रात्रंदिवस असतात. काहींना मागे दिवा नसतो, लाल पट्टी नसते. अंधारात जवळ जाईपर्यंत त्या दिसत नाहीत. शिवाय रस्त्यावर उसाचे पाचट सांडलेले असते. त्यावरून दुचाकी घसरते. म्हणून सकाळी सातला निघा आणि दिवस मावळायच्या आत निदान कुरुंदवाड गाठा.

एसटीने जाणार असाल तर उत्तमच. बायकांना अर्धे तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीटच नाही. आधारकार्ड जवळ ठेवा. मात्र खिद्रापूरच्या गाड्या मोजक्या. उतरल्या उतरल्या कंडक्टरला विचारा, "परतीची शेवटची गाडी किती वाजता?" मग देवळाकडे वळा.

हे अनुभवाने सांगतो. एकदा मी नातवाला घेऊन गेलो होतो. देवळात रमलो, गाडी चुकली. अंधार पडला. एका घरातल्या बाईंनी ओट्यावर बसवले, ताक दिले, आणि त्यांच्या लेकाने दुधाच्या गाडीतून आम्हाला कुरुंदवाडपर्यंत सोडले. पैसे पुढे केले तर तो हसला. माणसे अशी आहेत. पण माणसे चांगली आहेत म्हणून आपण निष्काळजी राहावे, हे काही खरे नव्हे.

नदीत उतरण्याआधी

घाटावर बसा, पाय सोडा, वारा घ्या. पोहायला मात्र उतरू नका.

कृष्णेच्या काठाला मळी असते, म्हणजे पुराने आणून टाकलेली गाळाची जमीन. वरून टणक दिसते, पाय ठेवला की खचते. पात्रात कुठे खड्डा आहे, कुठे धार आहे, ते गावच्या पोहणाऱ्याला माहीत. आपल्याला नाही. विहिरीत पोहणारा पोरगा नदीत टिकतोच असे नाही.

कृष्णेत मगरीही आहेत. सांगलीकडच्या काठाला माणसांवर हल्ले झालेले आहेत. गावकरी "त्या बाजूला जाऊ नका" म्हणाला तर वाद घालू नका. तो तुम्हाला भिववत नाही, वाचवतो आहे.

नावेत बसायचे असेल तर माणसे मोजा. जास्त वाटली तर मागे राहा. 8 ऑगस्ट 2019 रोजी सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून सुटायला निघालेली माणसांनी भरलेली नाव उलटली आणि किती तरी घरांत अंधार झाला. ती माणसे नाइलाजाने बसली होती. आपण हौसेने बसतो. आपल्याला नाही म्हणता येते.

नदीचे पाणी पिऊ नका. तीर्थ म्हणून थेंबभर डोळ्यांना लावा, पोटात घेऊ नका. 2012 साली इचलकरंजीत काविळीची साथ आली होती, ती ज्यांनी पाहिली त्यांना जास्त सांगायला नको. घरून उकळलेले पाणी न्या. माणशी दोन लिटर धरा.

देवळात

आता ज्यासाठी गेलात ते बघा. घाईत बघू नका. निदान दोन तास ठेवा.

देऊळ शिलाहार राजांच्या काळातले, बाराव्या शतकाच्या आसपासचे. पुढे यादव राजा सिंघण याचाही शिलालेख इथे आहे. चपला बाहेर काढाव्या लागतात. उन्हाळ्यात दगड असा तापतो की पाय भाजतात. जाडसे सुती मोजे पिशवीत टाका. म्हाताऱ्यांसाठी तर नक्की.

आधी स्वर्गमंडपात उभे राहा. 48 खांब आहेत आणि वर छताला मोठे गोल मोकळे आभाळ आहे, साधारण 13 फूट रुंद. बरोबर त्याखाली जमिनीवर गोल शिळा. तिथे उभे राहून मुलांना वर बघायला सांगा. काही बोलू नका. ती आपणच गप्प होतात.

मग आत गाभाऱ्यात जा. आत काळोख असतो, एक टॉर्च न्या. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला जरा थांबा. आत दोन लिंगे आहेत. एक कोपेश्वर महादेवाचे, दुसरे धोपेश्वर विष्णूचे. सतीच्या जाण्याने महादेव कोपले आणि विष्णूने त्यांची समजूत घातली, असे गावकरी सांगतात. महादेवासमोर नंदी नाही, हे मुलांच्या ध्यानात येते का बघा. सती नंदीवर बसून माहेरी गेली म्हणून तो इथे नाही, तो यडूरला आहे, असे लोक म्हणतात. यडूर कर्नाटकात, कृष्णेच्याच काठी.

मग बाहेरून पूर्ण प्रदक्षिणा घाला. देवळाच्या पायथ्याला हत्तींची रांग आहे. 92 हत्ती सांगतात. मुलांना मोजायला लावा, तेवढाच त्यांचा वेळ चांगला जाईल.

आणि इथेच एक कळकळीचे सांगणे. त्या हत्तींवर मुलांना बसवू नका. फोटो छान येतो हे खरे. पण आठ-नऊशे वर्षांचा दगड आहे. कितीतरी सोंडा आधीच तुटलेल्या आहेत, मूर्तींचे हात तुटलेले आहेत, चेहरे गेलेले आहेत. जे उरले आहे ते आपल्या नातवंडांना बघायचे आहे. मूर्तींना हळदकुंकू फासू नका, तेल ओतू नका. कोरीव कामावरून हात फिरवू नका. हाताचा घाम आणि तेल दगडात मुरते. खिळ्याने नाव तर कोणीच कोरू नये. हे संरक्षित स्मारक आहे. नासधूस केली तर 1958 च्या कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पण दंडाच्या भीतीने कशाला? पाव्हणा गेल्या घरच्या भिंतीवर रेघोट्या ओढतो का?

लग्नाआधीचे फोटो काढायला येणाऱ्या पोरापोरींनाही सांगतो. मोठा कॅमेरा, स्टँड, ड्रोन आणणार असाल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी काढा. पूजा चालू असेल तर बाजूला व्हा. कपडे देवळाला शोभतील असे घाला.

बहुतेक लोक कोपेश्वर बघून परत फिरतात. थोडे थांबा. गावात आदिनाथाची जुनी जैन बस्तीही आहे. ती बघा. जाताना चामड्याचा पट्टा, पाकीट बाहेर ठेवा, डब्यात अंडे-मटण असेल तर तो गाडीतच राहू द्या. आत कोणी असेल तर विचारून पाऊल टाका. महादेव, विष्णू आणि तीर्थंकर एका लहानशा गावात शेजारी नांदतात, हेही मुलांना दाखवण्यासारखे आहे.

त्रिपुरी पौर्णिमेला मध्यरात्री चंद्र स्वर्गमंडपाच्या त्या गोलातून डोक्यावर येतो. पणत्या लागतात, फार देखणे असते. पण त्या रात्री गर्दी लोटते. लहान लेकरू किंवा आजारी माणूस बरोबर असेल तर तो दिवस टाळा. साध्या मंगळवारी-बुधवारी या. देऊळ तेच असते आणि शांतताही मिळते.

गावाशी कसे वागाल

गाडी गावाबाहेर मोकळ्या जागी लावा. गल्ल्या अरुंद आहेत. तुमच्या गाडीमुळे कोणाची बैलगाडी अडली तर त्याचा दिवस मोडतो. हॉर्न आणि गाणी बंद.

भेटेल त्याला आधी रामराम, नमस्कार घाला, मग रस्ता विचारा. म्हाताऱ्या माणसाला आजोबा, आजी म्हणा, बरोबरीच्याला दादा, ताई. त्यांच्या मराठीत कन्नडचा हेल आला तर हसू नका. ते दोन भाषांत जगतात. आपल्याला एकच नीट येते.

कोणाचा फोटो काढायचा तर विचारा. घाटावर धुणे धुणाऱ्या बायका, अंगणात आंघोळ करणारे पोर, दारात बसलेली म्हातारी हे देखावे नव्हेत. आपल्या दारात येऊन कोणी असे फोटो काढले तर चालेल का?

उसाच्या फडात शिरून ऊस मोडू नका. मागा. शेतकरी स्वतः कोयत्याने तोडून, सोलून देईल. वांग्याच्या वाफ्यात, हरभऱ्याच्या रानातही तेच. न विचारता घेतले तर ती चोरी आणि मागून घेतले तर पाहुणचार.

घरून दशम्या, चटणी, भाकरी न्यायला हरकत नाही. पण सगळेच घरून नेऊ नका. चहा गावात घ्या. शेंगा, केळी, फुले, नारळ गावात घ्या. कृष्णाकाठची वांगी प्रसिद्ध आहेत, मिळाली तर किलोभर बांधून आणा. सुट्टे पैसे जवळ ठेवा. दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका. आपण देऊळ बघून येतो, पण त्या गावच्या चहावाल्याच्या घरात चार पैसे गेले नाहीत तर आपल्या जाण्याचा त्याला काय उपयोग?

गावातल्या दवाखान्यावर विसंबून जाऊ नका. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या, दम्याचा पंप, उलटीची गोळी, पट्टी हे पिशवीत हवे. अडचण आली तर 112 हा नंबर फिरवा. आणि बायका बरोबर असतील तर शौचाची सोय वाडीत किंवा कुरुंदवाडात उरकून पुढे जा. हे आधी बोलत नाहीत आणि मग दिवसभर पाणी न पिता राहतात. तसे करू नका.

शेवटचे आणि महत्त्वाचे

आता जरा आपल्याच घरातले बोलतो. राग मानू नका.

पंचगंगा प्रयाग चिखलीला सुरू होते. कोल्हापूर ओलांडून रुई, चंदूर, इचलकरंजी करत शिरोळकडे जाते आणि वाडीला कृष्णेत मिसळते. म्हणजे आपण वरचे, ते खालचे. आपल्या गटारांतले, ओढ्यांतले, कारखान्यांतले जे काही नदीत जाते ते त्यांच्या दारावरून वाहते. उन्हाळ्यात नदीवर जलपर्णी दाटते, मेलेले मासे वर येतात, तेव्हा त्या काठाची माणसे नाकाला पदर लावून आपल्याकडे बघतात. बोलत नाहीत. आपण गेलो की ताक देतात.

म्हणून निदान आपण स्वतः जाऊ तेव्हा आणखी घाण नेऊ नये. पत्रावळ्या, द्रोण, पाण्याच्या बाटल्या, कुरकुऱ्यांच्या पिशव्या परत आणा. गाडीत एक रिकामे पोते टाका, सगळे त्यात भरा, आपल्या घंटागाडीत घाला. निर्माल्य प्लॅस्टिकच्या पिशवीसकट पुलावरून फेकू नका. फुले झाडाच्या बुंध्याशी टाका. घरातला जुना देव, फुटका फोटो, राख यांचे गाठोडे वाडीला नेऊन सोडायची सवय आता मोडा. घाटावर साबण लावू नका, गाडी धुऊ नका.

आणि परत आल्यावर एवढे करा. आपल्या दारचे सांडपाणी कुठे जाते ते एकदा चालत जाऊन बघा. ओढ्यापर्यंत जा. मुलांना बरोबर न्या. त्यांनी सकाळी खिद्रापूरची कृष्णा बघितलेली असेल, संध्याकाळी आपला ओढा बघतील. मग ग्रामसभेत, वॉर्डात, कारखान्याच्या दारात प्रश्न विचारायला आपल्याला कोणी शिकवावे लागणार नाही.

पुढच्या सुट्टीला जा. सकाळी सातला निघा, पाण्याचे कॅन भरून घ्या, रिकामे पोते विसरू नका. आणि निघताना ओट्यावरच्या आजीला "येतो हं" म्हणून या. ती "परत या" म्हणाली तर समजा, नीट गेलात.